काम्यू मेला की जिवंत? नातवाचा खेळ आणि आमच्या घरचं एक उघडं खातं

आपल्या या समूहावर आजवर मी लष्करातले जुने वाडे, गणेशोत्सवातली नाटकं आणि शिंदेशाहीतल्या हिशेबाच्या वह्या यांवर लिहिलं. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ह्या म्हाताऱ्याला झालंय काय! विषय आहे जपानमधला एक व्हिडिओ गेम. पण शेवटपर्यंत वाचा, ही विनंती. लेख जरा लांबला आहे, चहा घेऊन बसा.

दिवाळीला मुलगी आणि नातू बंगळुरूहून ग्वाल्हेरला आले होते. नातू इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फराळाचं ताट मांडीवर आणि हातात तो छोटा पडद्याचा खेळ. मी सहज विचारलं, "कसला खेळ रे?" तो म्हणाला, "फायर एम्ब्लेम. आजोबा, तुम्हाला आवडेल, हा इतिहासच आहे." मी हसलो. पण पुढचे चार दिवस आम्ही दोघं रात्री बारा-बारा वाजेपर्यंत त्याच विषयावर बोलत होतो. तो गेल्यावर मी आणखी वाचलं, त्याला फोन करकरून विचारलं. बी.कॉम. झालेला माणूस मी, आयुष्यभर जमा-नावे केलेली. त्यामुळे जे समजलं ते माझ्या पद्धतीने मांडतो.

आधी मूळ हकीकत. हा पहिला खेळ २० एप्रिल १९९० रोजी जपानात आला, निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्रावर. बनवणारी संस्था इंटेलिजंट सिस्टिम्स आणि मुख्य कर्ता शोझो कागा नावाचा गृहस्थ. याच संस्थेने १९८८ साली 'फॅमिकॉम वॉर्स' नावाचा रणनीतीचा खेळ केला होता. त्यात रणगाडे आणि तुकड्या होत्या, पण सैनिकांना नाव-गाव नव्हतं. कागांनी नेमकं तेच बदललं. चौकटींचा पट तसाच ठेवला, पण प्रत्येक सोंगटीला चेहरा, नाव, स्वभाव आणि गोष्ट दिली.

आणि नियम असा केला की लढाईत जो मेला तो मेला. पुढच्या डावात तो परत येत नाही.

आता हे बघा. आपलं चतुरंग जगभर फिरलं. एकीकडे त्याचं बुद्धिबळ झालं, दुसरीकडे जपानात त्याच घराण्यातला शोगी नावाचा खेळ रुजला. शोगीत मारलेली सोंगटी मारणाऱ्याच्या बाजूने पुन्हा पटावर उतरवता येते, म्हणजे मृत्यू नाही, फक्त बदली! बँकेतल्यासारखी. त्याच शोगीच्या देशात कागांनी असा पट मांडला की प्यादं गेलं की कायमचं गेलं. लोकांना ते सोसेना. एखादा आवडता घोडेस्वार पडला की मुलं यंत्र बंद करून डाव पहिल्यापासून मांडत. नातू म्हणाला, त्यानेही हेच केलंय. पुढे २०१०च्या खेळात कंपनीनेच एक सोपा पर्याय दिला, त्यात पडलेला माणूस पुढच्या लढाईत उभा राहतो. जुने खेळाडू अजून त्यावर नाक मुरडतात.

या नियमातून एक मजेशीर अडचण निघाली, आणि माझ्या मते चाहत्यांच्या सगळ्या तर्ककुतर्कांचं मूळ तिथेच आहे. पहिल्या खेळात मार्थ नावाचा राजपुत्र आपलं गेलेलं राज्य परत मिळवतो. त्याच्याबरोबर एबल नावाचा घोडेस्वार असतो. समजा तुमच्या डावात एबल तिसऱ्याच लढाईत मेला. तुम्ही हळहळलात आणि पुढे गेलात. मग १९९४ साली पुढचा भाग आला, 'मिस्टरी ऑफ द एम्ब्लेम'. त्यात हा एबल लष्कर सोडून, लग्न करून, चक्क दुकान चालवतोय! म्हणजे अधिकृत बखरीत सगळे जिवंत राहिले, असं धरून पुढची नोंद केली. ज्याच्या घरी एबल मेला त्याच्या दुःखाची कुठल्याच वहीत नोंद नाही. कंपनीची खतावणी वेगळी आणि घराघरातली रोजकीर्द वेगळी. ताळा जुळणार कसा? मग लोक आपापल्या परीने जुळवायला लागतात.

आता शीर्षकातल्या काम्यूकडे येतो.

पहिल्या खेळात शत्रूच्या बाजूला ग्रस्ट नावाचं राज्य आहे, आणि काम्यू तिथला सेनापती. काळ्या घोडदळाचा नायक, हातात ग्रॅडिव्हस नावाचा नामी भाला. माणूस सच्चा. आपला राजा चुकीच्या बाजूला गेलाय हे त्याला कळतं, पण निष्ठा मोडवत नाही. आर्केनिया राज्य पडलं तेव्हा तिथली राजकन्या नीना हिला त्यानेच जपलं आणि सुखरूप बाहेर काढलं. दोघांचं एकमेकांवर प्रेम. पुढे रणांगणात तो मार्थसमोर उभा राहतो. खेळात बऱ्याच शत्रूंना बोलून आपल्याकडे वळवता येतं, याला मात्र येत नाही. त्याला मारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. जपानी मुलांनी १९९० साली जड हाताने त्याला मारलं.

पण मनातून कुणालाच ते पटलं नाही.

दोन वर्षांनी, मार्च १९९२ मध्ये, दुसरा खेळ आला, 'गायडेन'. देश वेगळा, माणसं वेगळी. त्यात समुद्रकिनाऱ्यावर एक जखमी माणूस सापडतो, टाटियाना नावाची एक स्त्री त्याची शुश्रूषा करते. त्याला पूर्वीचं काहीच आठवत नाही. नाव सांगतात झीक. उत्तम भालाईत. खेळ त्याचं खरं नाव सांगत नाही, पण खुणा पेरून ठेवतो. मग १९९४च्या भागात मुखवटा घातलेला एक घोडेस्वार मार्थला येऊन मिळतो, नाव सिरियस. आणि शेवटच्या लढाईत नीना शत्रूच्या मोहिनीत अडकलेली असते, तेव्हा तिला शुद्धीवर आणू शकतो तो एकटा हा मुखवटेवाला.

म्हणजे काम्यू मेलाच नव्हता. चाहत्यांची आशा खरी ठरली.

पण थांबा. या चार वर्षांत नीनाचं काय झालं? राज्यासाठी तिला लग्न करावं लागलं. हार्डिन नावाच्या भल्या सरदाराशी. मन तिचं काम्यूपाशी. हार्डिनला ते कळलं, तो आतून पोखरला गेला आणि त्याच पोकळीत दुष्ट शक्ती शिरली. पहिल्या भागात जो मित्र होता तोच पुढच्या भागात जुलमी सम्राट झाला. आणि काम्यू? तो परत आला खरा, पण आता त्याच्यामागे टाटियानाही होती. नातू हे सांगत होता तेव्हा माझ्या हातातली चकली तशीच राहिली. म्हटलं, अरे, हे लिहिणाऱ्याला माणूस कळलेला आहे. गेलेला परतला तरी मधली वर्षं परत येत नाहीत.

आपल्या ग्वाल्हेरकरांना यात काही ओळखीचं वाटतं का? मला वाटलं.

१४ जानेवारी १७६१. पानिपत. सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले ते दिसेनासे झाले. नंतर एक देह सापडला, खुणांवरून ओळखला, अग्नी दिला अशी हकीकत काशिराज पंडिताने लिहून ठेवली आहे. पण पुण्यात कित्येकांना ते पटलं नाही. पार्वतीबाईंनी तर वैधव्य पत्करलंच नाही. आणि लोकांनी आशा का धरू नये? आपले महादजी शिंदे त्याच रणातून पायाला जबर जखम घेऊन राणेखान भिस्त्याच्या मदतीने परतले होतेच ना! एक परततो म्हणून दुसऱ्याची वाट बघितली जाते. मग भाऊसाहेब म्हणवणारा एक जण उभा राहिला. सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण. त्याला पकडून किल्ल्यावर ठेवलं, पण १७७६ साली तो सुटला आणि हजारो माणसं त्याच्यामागे गेली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले. त्याचं बंड मोडायला जे सरदार गेले त्यांत महादजीही होते. त्याच वर्षी तोतयाला पुण्यात देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी पुढे यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं.

मी नातवाला हे सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, म्हणजे तुमचा झीक खोटा निघाला." मी म्हटलं, "हो. आणि तुमचा खरा निघाला, कारण तुमची गोष्ट लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याची दया आली. इतिहासाला ती सोय नाही."

खेळाच्या हकिकतीकडे परत येतो, कारण पुढचा भाग अधिक रोचक आहे.

१९९६ साली कागांनी चौथा खेळ केला, 'जिनिऑलॉजी ऑफ द होली वॉर', म्हणजे पवित्र युद्धाची वंशावळ. यात नायक सिगर्ड अर्ध्या खेळातच मारला जातो. बेलहाला नावाच्या राजधानीत विजयी सेनेचं स्वागत म्हणून बोलावतात आणि आकाशातून आगीचे गोळे पाडून सेना जाळतात. मग काही वर्षं जातात आणि दुसऱ्या अर्ध्यात त्यांची मुलं उभी राहतात. कोणाचं लग्न कोणाशी लावायचं ते बऱ्याच अंशी खेळणारा ठरवतो, त्यावरून मुलांचे गुण ठरतात. आपल्याकडच्या सोयरिकी जुळवणाऱ्या आजीबाईंना हा खेळ फार आवडला असता!

बेलहालातून कोण कोण वाचलं, हा चाहत्यांचा अखंड चालणारा वाद. त्याला अंशतः उत्तर मिळालं १९९९च्या 'थ्रेशिया ७७६' मध्ये. तिथे एका खेडेगावात एव्हेल नावाची लढवय्यी स्त्री आहे, आधीचं आयुष्य विसरलेली. तिच्याबद्दल इतके धागे सोडलेत की ती म्हणजे चौथ्या खेळातली धनुर्धारी ब्रिजिड, हे चाहते जवळजवळ धरूनच चालतात. तिची मुलं मात्र दुसरीकडे पोरकी वाढतात. बाकीच्यांचं काय झालं, ते आजही मोकळंच आहे.

मोकळं राहण्याचं कारण, कर्ता निघून गेला. 'थ्रेशिया' संपल्यावर कागांनी संस्था सोडली. २००१ साली त्यांनी प्लेस्टेशनसाठी 'टिअर रिंग सागा' हा खेळ केला, तो जुन्या खेळांसारखाच दिसतो म्हणून निन्टेन्डोने दावा लावला. नक्कल-हक्काचा मुद्दा टिकला नाही, पण अनुचित स्पर्धेच्या कायद्याखाली प्रकाशकाला सुमारे ७ कोटी ६० लाख येन भरावे लागले. म्हणजे गोष्टीचा बाप एकीकडे आणि गोष्टीची मालकी दुसरीकडे. मधे राहिलेल्या रिकाम्या जागा भरणार कोण? वाचणारेच.

आणखी एक कारण भाषेचं. पहिली बारा-तेरा वर्षं हे खेळ फक्त जपानीत होते. नोव्हेंबर २००१ मध्ये निन्टेन्डोने 'स्मॅश ब्रदर्स मेले' नावाचा, निरनिराळ्या खेळांतली पात्रं एकत्र आणणारा मारामारीचा खेळ काढला. त्यात मार्थ होता आणि रॉय नावाचा तांबड्या केसांचा मुलगाही. गंमत म्हणजे रॉयचा स्वतःचा खेळ तेव्हा आलाच नव्हता, तो आला मार्च २००२ मध्ये! अमेरिका-युरोपातली मुलं विचारायला लागली, हे दोघे कोण? त्या कुतूहलामुळे सातवा खेळ २००३ साली इंग्रजीत निघाला आणि तिकडे त्याचं नाव नुसतंच 'फायर एम्ब्लेम' ठेवलं, जणू हाच पहिला. म्हणजे तिकडचे लोक नाटकाच्या चौथ्या अंकाला थिएटरात शिरले. आधीचं काय झालं ते त्यांनी एकमेकांना विचारत, हौशी भाषांतरं करत, तुकडे जोडत जमवलं. पहिला खेळ इंग्रजीत अधिकृतपणे आला तो तिसाव्या वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, तोही चारेक महिनेच विक्रीला. आणि चौथा, तो वंशावळीवाला, इंग्रजीत अजून अधिकृतपणे आलेलाच नाही. तो नव्याने काढणार, ही वावडी मात्र दर वर्षी उठते.

त्या सातव्या खेळाने एक झकास भांडण लावून दिलं. त्याचा नायक एलिवुड हा रॉयचा बाप. म्हणजे ही आधीची पिढी, गोष्ट मात्र नंतर सांगितलेली. एलिवुडला लग्नासाठी तीन स्थळं: निनियन, लिन आणि फिओरा. खेळणारा जिला पसंत करील ती. मग रॉयची आई कोण? रॉयच्या खेळात आईबद्दल जवळजवळ काही नाही. कारण उघड आहे, तो खेळ झाला तेव्हा ह्या तिघी लिहिल्याच गेल्या नव्हत्या! निनियन अर्धी ड्रॅगनच्या वंशातली, मग मुलात त्याची खूण का नाही, असा एका पक्षाचा सवाल. दुसरा पक्ष म्हणतो, खूण नाही म्हणून वंश नाही, हे कसं सिद्ध होतं? वीस वर्षांहून जास्त काळ हा वाद चाललाय. आपल्या समूहात कुलवृत्तांतावरून जे होतं तेच. फरक इतकाच की तिकडे मानापमान कमी.

२०१२ साली तर सगळंच संपायची वेळ आली होती. खप घसरलेला. कंपनीने सांगून ठेवलं होतं की पुढचा खेळ अडीच लाख प्रतींच्या आत राहिला तर ही मालिका बंद. बँकेत आम्हाला मार्चअखेरीला जी धास्ती असायची तीच. कर्त्यांनी ठरवलं, शेवटचाच असेल तर सगळं ओतू. तो खेळ 'अवेकनिंग'. लक्ष्य किती तरी पटींनी ओलांडलं गेलं आणि मालिका वाचली.

त्यातही पुन्हा मुखवटा! एक तरुण योद्धा येतो, तोंडावर मुखवटा, नाव सांगतो मार्थ. मार्थ तर दोन हजार वर्षांपूर्वीचा. मग हा कोण? शेवटी कळतं, ती ल्युसिना, नायक क्रॉमची मुलगी, उद्ध्वस्त भविष्यातून बापाला वाचवायला परत आलेली. पूर्वजाचं नाव घेऊन उभी राहिलेली. म्हणजे तोतयाच, पण भल्या कामासाठी. त्याच खेळात प्रायम नावाचा एक जण स्वतःला आइक या जुन्या नायकाचा वंशज म्हणवतो. आइकचा खंड वेगळा, काळ वेगळा, खेळ वेगळा. झालं! एका माणसाच्या एका दाव्यावरून चाहत्यांनी दोन जगांचे नकाशे जोडायला घेतले.

मग २०१९चा 'थ्री हाउसेस'. त्यात तीन विद्यार्थी-गटांपैकी एक निवडायचा आणि पुढे युद्धात त्यांच्या बाजूने लढायचं. एकूण चार वाटा, आणि कुठल्याही एका वाटेवर संपूर्ण सत्य कळत नाही. एडेलगार्ड नावाची सम्राज्ञी एका वाटेवर मुक्तिदाती, दुसऱ्या वाटेवर आक्रमक. कोण बरोबर, यावर आजही लोक हिरिरीने भांडतात. पेशवे दफ्तर, फारसी अखबार आणि इंग्रजांची पत्रं समोर ठेवून एकच लढाई वाचली की हेच होतं ना? सप्टेंबर २०२५ मध्ये 'फॉर्च्यून्स वीव्ह' या पुढच्या खेळाची झलक दाखवली. दोन-तीन मिनिटांचं चित्र, त्यात 'थ्री हाउसेस'च्या जगाची आठवण करून देणाऱ्या खुणा. नातवाने ते थांबवत थांबवत, एकेक चौकट मोठी करून मला दाखवलं. मी म्हटलं, "आम्ही खोट्या सह्या अशाच भिंगाखाली बघायचो."

पण मंडळी, मी हिशेबी माणूस. नातवाला मी एक शिस्त घालून दिली, आणि ती आपल्या समूहालाही उपयोगी पडेल असं वाटतं. तीन वह्या ठेवायच्या. पहिलीत फक्त जे खेळात प्रत्यक्ष लिहिलंय ते, हे आपलं व्हाउचर. दुसरीत कर्त्यांनी नंतर मुलाखतीत किंवा पुस्तकात सांगितलेलं. ते महत्त्वाचं, पण मागाहून आलेलं. तिसरीत आपला तर्क. झीक म्हणजे काम्यू, ही गोष्ट तिसऱ्या वहीत सुरू झाली आणि पुढच्या खेळाने पहिल्या वहीत आणली. रॉयची आई अजून तिसऱ्या वहीतच आहे. तिसऱ्या वहीतली रक्कम गुपचूप पहिलीत चढवली की तो तर्क राहत नाही, अफरातफर होते. मात्र तिसरी वही जाळूनही टाकायची नाही. हिशेब लागत नाही तोवर रक्कम ठेवायला बँकेतसुद्धा सस्पेन्स खातं असतंच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो.

माझी एक आत्या होती, माईआत्या. तिचे यजमान गिरणीत कामाला. १९५९च्या पावसाळ्यात "चार दिवसांत इंदूरहून येतो" म्हणून गेले ते आलेच नाहीत. भांडण नाही, कर्ज नाही, चिठ्ठी नाही. मूलबाळ नव्हतं. आजोबा तिला आमच्या वाड्यात घेऊन आले. मग आमच्या घरात तर्क सुरू झाले. कोणी म्हणे साधू झाले, कोणी म्हणे मुंबईत दुसरं घर केलं, एकाने नाशिकला घाटावर पाहिले. १९७५ साली उज्जैनहून निरोप आला की तसा एक माणूस इथे आहे. काका आणि मी गेलो. ते नव्हते. परत आलो तेव्हा माईआत्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. मान वर न करता तिने एवढंच विचारलं, "उंची किती होती रे त्याची?"

कुंकू तिने शेवटपर्यंत लावलं.

दोघांचं एक जुनं संयुक्त बचत खातं होतं, योगायोगाने मी होतो त्याच शाखेत. शिल्लक चारशे बारा रुपये आणि काही पैसे. १९८४ साली मी तिथे अधिकारी झालो आणि नव्या उत्साहात तिला समजावलं की पुराव्याच्या कायद्यात कलम १०८ आहे, सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं कायदा धरून चालतो. प्रतिज्ञापत्र कर, मी कागद तयार करतो, त्यांचं नाव कमी करून खातं तुझ्या एकटीच्या नावावर करू. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाळ, त्यांचं नाव राहिलं तर तुझ्या बँकेला काही भाडं पडतं का रे?"

मी कागद परत घेऊन गेलो.

१९९६ साली ती गेली. मग दावा करायचा तर दोघांच्याही मृत्यूचा पुरावा हवा. तिचा दाखला होता. त्यांच्यासाठी कोर्टात जावं लागलं असतं. पैशांचं विशेष नव्हतं. माझ्या टेबलावर तो फॉर्म आठवडाभर पडून होता. 'मृत्यूची तारीख' या रकान्यापुढे माझ्याने पेन टेकवेना. नोकरीत हजारो दावे निकाली काढलेला माणूस मी. हा एक केला नाही. माझ्या हातून नियमाप्रमाणे व्हायला हवं होतं ते काम झालं नाही, हे आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगतोय.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, ते पैसे आता कुठे असतील?" मी सांगितलं, दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात, तिथे असतील. हक्क बुडत नाही, वारस केव्हाही मागू शकतो. रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे अशी खाती शोधता येतात. त्याने लगेच मोबाईलवर दोघांची नावं घालून पाहिली. काही निघालं नाही.

"नाव वेगळं लिहिलं असेल, आजोबा," तो म्हणाला. "त्या काळी हाताने लिहायचे ना? किंवा आडनाव चुकलं असेल. किंवा..." आणि बसला की तो तर्क करत, एकेक अक्षर बदलून! मी त्याला थांबवलं नाही. काम्यूसाठी ज्या उत्साहाने तो नकाशे जोडत होता त्याच उत्साहाने, ज्यांना त्याने कधी पाहिलं नाही, त्या माईआत्याच्या यजमानांना तो शोधत होता.

बंगळुरूला पोहोचल्यावर त्याचा फोन आला. म्हणाला, नवा डाव मांडलाय, आणि या वेळी कोणी पडलं तरी यंत्र बंद करणार नाही, पुढे जाणार. पण पडलेल्यांची नावं वहीत लिहून ठेवणार. मी म्हटलं, पहिल्या वहीत लिही, ती पक्की नोंद आहे.

मंडळी, आपल्यापैकी प्रत्येक जुन्या घरात असं एखादं नाव असणार, ज्याच्यापुढची तारीख कोणी भरली नाही. कोणी रंगूनला गेलं, कोणी फाळणीच्या वेळी कराचीहून निघालं आणि पोहोचलं नाही, कोणी माईआत्याच्या यजमानांसारखं चार दिवसांसाठी गेलं. माहीत असेल ते खाली लिहा. पक्कं काय आणि ऐकीव काय, तेवढं मात्र वेगवेगळं लिहा. बाकीचं आपण मिळून शोधू.